अजब बंगल्यातील जिनबिंबे

नागपुरात आपल्या समाजबांधवांचे येणे-जाणे नेहमीच असते. कोणी इतवारीत मालाच्या खरेदीसाठी येतो, कोणी विवाहकार्यासाठी, तर कोणी रामटेकच्या शांतिनाथ प्रभूंच्या दर्शनाला जाताना येथे मुक्काम करतो. काम आटोपले की गाडीच्या वेळेपर्यंत दोन-तीन तास हाती उरतात. हे तास सार्थकी लावण्याजोगी तीन स्थळे नागपुरात आहेत.

पहिले, सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय. ते १८६३ साली स्थापन झाले असून जुने नागपूरकर त्यास ‘अजब बंगला’ म्हणतात. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० साली ४२४ ताम्रायुधे व चांदीचे १०२ पत्रे सापडले होते. त्यांतील काही नग येथे आहेत. पण आपले पाऊल थबकते ते अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे मिळालेल्या जैन कांस्यमूर्तींपाशी. अशा मूर्तींच्या पाठीवर किंवा पीठावर पुष्कळदा दात्याचे नाव कोरलेले असते. व्यापाऱ्याच्या वहीतील नोंदीसारखाच तो एक लेख! धातू म्हणून पाहिले तर मूर्तीचे मोल तराजूत ठरेल. पण वऱ्हाडात आपल्या पूर्वजांची श्रद्धा किती जुनी होती, याची साक्ष कोणत्या तराजूत तोलावी?

दुसरे स्थळ झाशी राणी चौकातील विदर्भ साहित्य संघ. १४ जानेवारी १९२३ रोजी, मकरसंक्रांतीस, स्थापन झालेल्या या संस्थेचा ग्रंथसंग्रह व तेथील व्याख्याने नागपूरच्या वाङ्मयीन जीवनाचा आधार आहेत. तिसरे स्थळ भोसल्यांच्या काळातील महाराजबाग. मुलाबाळांना घटकाभर वृक्षांच्या सावलीत विसावता येईल, अशी ही जागा.

संग्रहालये व ग्रंथालये प्रदर्शने भरवितात, व्याख्याने ठेवितात. आणि श्रोत्यांच्या खुर्च्या बहुधा रिकाम्या राहतात. १८ मे हा संग्रहालय दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. या सुमारास नागपुरात असाल तर काय कार्यक्रम आहे, याची चौकशी अवश्य करावी व मुलांना बरोबर न्यावे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कारंजा येथील भांडारांत जपलेल्या पोथ्यांमुळे अपभ्रंश भाषेतील जैन काव्ये जगापुढे आली. त्यांचे संपादन करणारे डॉ. हीरालाल जैन हे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात प्राध्यापक होते. षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला भाग त्यांनी १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध केला. पुढे त्याचे १६ भाग झाले. मूळ ताडपत्रे मूडबिद्रीस होती, विद्वत्ता अमरावतीची होती, आणि द्रव्य विदिशेच्या श्रीमंत सेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या निधीचे होते. ज्याने पोथी राखली, ज्याने वाचली आणि ज्याने पैसा दिला, त्या तिघांपैकी एक जरी मागे सरला असता तरी हे कार्य घडले नसते.

आज अनेक घरांत माळ्यावर जुन्या पोथ्या व चोपड्या बासनात पडून आहेत. घर बदलताना त्या नदीत विसर्जित होतात किंवा रद्दीत जातात. श्रुतपंचमीस वा ज्ञानपंचमीस आपण शास्त्राची पूजा करतो. त्याच दिवशी ते बासन सोडून पाहावे. विसर्जनापूर्वी ते एखाद्या जाणकारास दाखवावे, निदान पानांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. पोथी घरातच राहू द्यावी, पण ती निनावी राहू नये. पाण्यात गेलेले पान कोणत्याही संग्रहालयास परत आणता येत नाही.