निर्धूर चूल

पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरले की कापसाची काळी जमीन लागते. पऱ्हाट्या नि तुराट्या हेच तेथील चुलीचे सरपण. ते सरले की रानाची वाट आणि डोक्यावर मोळी. त्या चुलीपाशी घटकाभर बसलो तरी आमचे डोळे चुरचुरू लागतात. गृहिणीचा तर जन्म तेथेच जातो.

धुराड्याची 'मगन चूल' वर्ध्याच्या मगनवाडीची, म्हणजे शेजारचीच. पुढे सरकारने सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना काढली; ती 2002 साली आटोपली. पुष्कळ ठिकाणी धुराडी काजळीने तुंबली. ती झाडावी कशी, हे शिकवायचे राहूनच गेले!

तिरुमलेस 2002 पासून व शिर्डीस 2009 पासून, आरशांनी ऊन एकवटून केलेल्या वाफेवर भक्तांचे अन्न शिजू लागले. तशी सूर्यचूल खेड्यांतही न्यावी, असे वाटणे साहजिकच. परंतु येथील बाई ज्वारीची भाकरी थापते ती पहाटे, शेतावर जाण्यापूर्वी. सूर्य तेव्हा उगवलेलाही नसतो. शिवाय सूर्यपेटीत डाळभात शिजला तरी भाकरीला तवा नि जाळ हवाच. म्हणून आम्ही म्हणतो, धुराडे आधी. चुलीचे तोंड तिच्या तव्याच्या मापाने, तिच्याच हातून लिंपवून घ्यावे. सूर्यपेटी मागाहून येऊ द्या, दुपारच्या वरणापुरती.