सात वेळा विचारलेला प्रश्न

बालमित्रांनो, सुरांनी विचारलेला प्रश्न कधी ऐकलाय? शब्द एकही नाही हं, नुसते सूर! अमेरिकेतल्या चार्ल्स आइव्ह्ज या संगीतकाराने १९०८ साली वाद्यवृंदासाठी अशी एक रचना लिहिली. तिचं नावच मुळी ‘अनुत्तरित प्रश्न’. आहे जेमतेम पाच-सहा मिनिटांची, पण मनात घोळत राहते.

आइव्ह्जचे वडील डॅनबरी गावात बँडमास्तर होते. ते मुलाला एका पट्टीत गायला लावायचे आणि साथ मात्र दुसऱ्याच पट्टीत करायचे! कान तयार व्हावा म्हणून ही कसरत. मोठेपणी आइव्ह्जनी न्यूयॉर्कमध्ये विम्याचा व्यवसाय केला आणि उरलेल्या वेळात संगीत लिहिलं.

या रचनेत व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं इतरांपासून लांब बसतात आणि अगदी हळू, संथ वाजत राहतात. जणू रात्रीचं शांत आभाळच! मग एक ट्रम्पेट पाच सुरांत प्रश्न विचारतो. आपण आहोत ते कशासाठी, हा माणसाचा जुनाच प्रश्न. चार बासऱ्या उत्तर द्यायला धावतात. त्यांची लय निराळीच, तंतुवाद्यांशी मुळीच न जुळणारी. ट्रम्पेट पुन्हा तेच विचारतो. बासऱ्यांची घाई वाढते, आवाज चढतो, शेवटी तर त्या प्रश्नाला चक्क वेडावून दाखवतात आणि गप्प होतात! ट्रम्पेट सातव्यांदा विचारतो, तेव्हा उत्तर येतच नाही. मागचे संथ सूर तेवढे विरत जातात.

माझ्या दुसरीच्या वर्गात एका मुलीचे आजोबा वारले. शाळेत आल्यावर तिने विचारलं, “बाई, आजोबा गेले म्हणजे कुठे गेले?” मी काही बोलायच्या आत वर्गच बोलू लागला. “देवाघरी!” “चांदणी झाले!” “हॅट्, असं काही नसतं!” बघता बघता भांडण जुंपलं. ती मात्र दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत तशीच उभी. मी तिला जवळ घेतलं नि म्हटलं, “मलाही ठाऊक नाही गं. पण तू विचारत जा.” मग सगळ्यांना ही रचना ऐकवली. शेवटी ती हळूच म्हणाली, “बाई, त्यालापण कुणी नाही सांगितलं.”

“नाही सांगितलं. पण त्याने विचारायचं सोडलं का?”

तिने मान हलवली. नाही!

ही रचना लोकांसमोर पहिल्यांदा वाजली ती १९४६ साली, म्हणजे लिहिल्यानंतर तब्बल ३८ वर्षांनी. तुम्ही मात्र आज रात्रीच ऐका, आईबाबांना शेजारी बसवून. प्रश्न बोटांवर मोजा. आणि पालकहो, सातव्या प्रश्नानंतर मुलांना लगेच काही समजावू नका हं. थोडा वेळ त्यांच्याजवळ नुसते बसा.