बैठक

मराठी घरातल्या स्वागताची सुरुवात 'या, बसा' अशी होते. पाणी, चहा, क्षेमकुशल आणि ज्यासाठी येणे झाले ते काम, हे सारे मागाहून. पाहुणा बसल्यावाचून यांपैकी काहीच सुरू होऊ शकत नाही. आपल्या भाषेने बसण्याला फार मोठा मान दिला आहे. गवयाची बैठक जमते, व्यवहाराची घडी बसते, विचाराला बैठक असावी लागते. आणि ज्या मुलाचे बूड एका जागी टेकत नाही, त्याच्याविषयी घरची मंडळी फारशी आशा बाळगीत नाहीत. आम्हां सरकारी नोकरांचे तर सारे आयुष्यच बसण्यावर उभारलेले असते. बदलीगणिक गाव बदलते, भाषा बदलते, फोडणीचे तेल बदलते. समोरचे टेबल आणि खालची खुर्ची तेवढी बदलत नाही. सांगलीहून निघून शिलाँग, भोपाळ करीत रांचीस पोचेपर्यंत आम्ही ही एक गोष्ट अखंड करीत आलो होतो. तिला काही सामर्थ्य लागते, असे कधी मनातही आले नव्हते. 2022 सालच्या दिवाळीत ते सामर्थ्य गेले, आणि होळीपर्यंत परत आले नाही.

हे कसे घडले ते सांगण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. आमचा व्यवसाय लेखापरीक्षणाचा, म्हणजे शंका घेणे हेच आमचे पोटापाण्याचे काम. ज्या पावतीकडे कोणाचे लक्ष गेले नाही तिच्यावर नेमके बोट ठेवावे, यासाठी सरकार आम्हांस वेतन देते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात ही शंका कचेरी सुटल्यावरही थांबेना. प्रथम फायलींतल्या पृष्ठांकांत काही संकेत दडले आहेत असे वाटू लागले. मग ते संकेत आमच्याविषयीच आहेत अशी खात्री झाली. शेवटी भिंतीपलीकडून दोन माणसे आमच्या प्रत्येक हालचालीवर शेरे मारताना ऐकू येऊ लागली. भिंतीपलीकडची सदनिका रिकामी होती. पत्नीने वेळीच ओळखले आणि आम्हांस मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. आपण मराठी माणसे थट्टेने 'ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला पाठवा' म्हणतो, तसे उत्तरेकडचे लोक 'रांचीला पाठवा' म्हणतात. कारण तेथे कांके या ठिकाणी 1918 पासून मोठे मनोरुग्णालय आहे. आम्हांस सरकारने अगोदरच रांचीस पाठवून ठेवले होते, एवढी सोय झाली.

तज्ज्ञांनी रिस्पेरिडोन नावाचे औषध सुरू केले. तीन आठवड्यांत भिंतीपलीकडची माणसे निघून गेली आणि पृष्ठांक पुन्हा नुसते पृष्ठांक झाले. हे आधीच स्पष्ट लिहून ठेवतो. कारण पुढे जे लिहावयाचे आहे त्यावरून औषधाविरुद्ध गाऱ्हाणे मांडण्याचा आमचा हेतू आहे, असा कोणाचा समज होऊ नये. ज्याने आमचे मन आम्हांस परत आणून दिले त्याचे ऋण आम्ही मानतो. परंतु ऋण मानणे वेगळे आणि हिशेब न विचारणे वेगळे.

मन घरी परतले आणि पाय घराबाहेर पडले. ही अवस्था शब्दांत पकडणे कठीण आहे. वेदना नव्हती, मुंग्या नव्हत्या, पेटके नव्हते. खुर्चीवर बसले की दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला पोटऱ्यांच्या आतून कोणीतरी ढकलू लागे. उठले की क्षणभर सुटका. चार पावले टाकून बसावे, तो पुन्हा तेच. उभे राहावे तर भार डाव्या पायावरून उजव्यावर आणि उजव्यावरून डाव्यावर सारखा हलत राही. ते केवळ पायांत होते असे म्हणणेही अपुरे पडेल. सर्व अंगात घाई भरलेली असावी आणि ती कशाची घाई हे मात्र ठाऊक नसावे, असा तो प्रकार होता. बैठकीत साहेबांसमोर आम्ही पाऊण तासात चार वेळा पाणी प्यावयास उठत असू. पहाटे मोराबादीच्या मैदानावर येणारे वृद्ध सद्गृहस्थ आमच्या व्यायामनिष्ठेचे कौतुक करीत आणि आपल्या मुलांना आमचे उदाहरण देत. त्यांना काय सांगणार? आम्ही चालत नव्हतो, आम्हांस चालविले जात होते.

संक्रांतीनंतर पत्नीने घरी सत्यनारायण घातला. आम्ही बरे झालो म्हणूनच तो होता, आणि त्यातच आमची फजिती झाली. पोथीचे अध्याय पाच; दुसरा संपण्याच्या आत आम्ही पाटावरून तीनदा उठलो. शेवटी गुरुजींनी डोळ्यांनी प्रश्न केला, पत्नीने डोळ्यांनीच उत्तर दिले, आणि उरलेली पूजा तिने एकटीने पार पाडली. आरतीच्या वेळी विठ्ठलाचे नाव आले तेव्हा युगानुयुगे एका विटेवर समचरण उभा राहणाऱ्या त्या देवाचा आम्हांस मनापासून हेवा वाटला. मंडळी गेल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, निदान जेवताना तरी बसा ना." आमच्या हातात ताट होते आणि आम्ही खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालीत जेवत होतो.

पायाला भिंगरी लागली, असे आपण सहज म्हणतो. वैद्यकात या भिंगरीला अकॅथिसिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'न बसणे' एवढाच. प्राग येथील लाडिस्लाव्ह हाश्कोवेत्स या वैद्याने 1901 साली दोन रुग्णांचे वर्णन करताना हे नाव योजिले. मनोविकारावरील आजची औषधे तेव्हा जन्मालाही यावयाची होती. पॅरिसमधील सेंत-आन रुग्णालयात दले आणि देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिनचा उपयोग केला तो 1952 साली. ते औषध येताच वर्षानुवर्षे कोंडलेली माणसे बोलू लागली, घरी जाऊ लागली. आणि त्यांतील कित्येकांना बसता येईना, तेव्हा ते जुने नाव कामी आले. आम्ही ज्या प्रांतात नोकरी करीत होतो तेथेही याचे एक देशी प्रकरण आहे. सर्पगंधेचे मूळ बिहारात 'पागल की दवा' म्हणून विकले जात असे. कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. शांत करणारे हे द्रव्यही मात्रा वाढली की अंगाला ताठरपणा आणी. म्हणजे मन आणि स्नायू यांचे हे साटेलोटे काही एकाच कारखान्यातून निघालेले नाही.

त्याचे कारण मेंदूच्या कारभारात आहे. डोपामिन नावाचा एकच निरोप्या तेथे अनेक खात्यांचे काम पाहतो. एका वाटेवर तो गोष्टींना महत्त्व चिकटवीत जातो. त्याचा अतिरेक झाला की पृष्ठांकही आपल्याशी बोलू लागतात. दुसऱ्या वाटेवर तो शरीराच्या हालचालींचे नियमन करतो. औषध त्याला अडविते, पण पहिल्या वाटेवर अडवावे आणि दुसऱ्या वाटेवर सोडावे, इतका विवेक त्याच्या अंगी नाही. म्हणून कोणाचे हात कापतात, कोणाची चाल आखडते, आणि कोणाला बसता येत नाही.

एवढे समजले असते तरी आमचे पुष्कळ निभावले असते. खरे संकट निराळे होते. वेडाचे चित्र लोकांच्या मनात कसे असते? येरझाऱ्या घालणारा, हात चोळणारा, चेहऱ्यावर त्रास असलेला माणूस. आम्ही हुबेहूब तसे दिसत होतो. डिसेंबरात आम्ही तज्ज्ञांना अस्वस्थता सांगितली, तेव्हा रोग पुन्हा उफाळत आहे असे समजून त्यांनी मात्रा वाढविली. तिसऱ्या दिवसापासून फेऱ्या दुप्पट झाल्या. आम्ही पुनःपुन्हा म्हणत होतो की मन शांत आहे, पाय शांत नाहीत. परंतु ज्याच्या मनाविषयी एकदा शंका घेतली गेली त्याच्या पायांविषयीची साक्षही कोणी ग्राह्य धरीत नाही, हे आम्हांस त्या वेळी उमगले. रात्री दोन वाजता गच्चीवर चालताना आमच्यासमोर दोनच पर्याय उभे राहत: आवाज ऐकत स्वस्थ बसावे, की शहाणपण सांभाळून असेच चालत राहावे. गोळ्यांची पट्टी कठड्यावरून खाली टाकावी असे अनेकदा वाटले. गोळ्या टाकाव्यात की आपणच जावे, असेही एका रात्री वाटले. या अस्वस्थतेपायी काहींना जीव नकोसा होतो आणि म्हणूनच वैद्यकात ती किरकोळ तक्रार गणली जात नाही, हे आम्ही पुढे वाचले. त्या रात्री ते अंगाने कळले होते. पत्नी जिन्यात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता आमच्याबरोबर चालू लागली. त्या रात्री आम्ही दोघे पहाटेपर्यंत चाललो.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या व्यवसायास शरण गेलो. साक्षीदार संशयास्पद असेल तर त्याची साक्ष फेकून देत नाहीत. ती कागदाशी ताडून पाहतात. आम्ही एक तक्ता आखला. औषधाची मात्रा, घेतल्याची वेळ, सलग बसता आलेली मिनिटे, आवाज आले किंवा कसे. आणि शेवटचा रकाना पत्नीच्या निरीक्षणाचा व सहीचा. तीन आठवड्यांत त्यातून जे निघाले ते कोणत्याही लेखापरीक्षकाला मान्य व्हावे असे होते. आवाजांचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत निरंक होता. आणि बसण्याची मिनिटे मात्रा वाढल्यापासून घसरत गेली होती.

तो तक्ता घेऊन आम्ही फेब्रुवारीत दुसऱ्या एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो सावकाश वाचला. मग आम्हांस दोन मिनिटे बसविले, दोन मिनिटे उभे केले, आणि तेवढ्या वेळात जमशेदपूरच्या रस्त्याविषयी गप्पा मारल्या. त्यांचे लक्ष आमच्या बोलण्याकडे नव्हते, पावलांकडे होते. ही पाहण्याची रीत बार्न्स यांच्या 1989 च्या मोजपट्टीतली, हे नंतर कळले. त्रास रात्री अंथरुणावर पडल्यावरच होतो की दिवसभर, हेही त्यांनी विचारले. रात्रीच पाय वळवळण्याचा विकार वेगळा आहे. स्वीडनच्या एकबोम यांनी 1945 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, आणि त्यात पुष्कळदा शरीरातले लोह कमी असते. म्हणून त्यांनी लोहही तपासून घेतले. ते पुरेसे होते. शेवटी ते एवढेच म्हणाले की हा तुमचा रोग नव्हे, हे आमचे औषध आहे. पाच महिन्यांत ऐकलेले ते पहिले वाक्य, ज्यावर आम्हांस बसावेसे वाटले.

त्यांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरविली. दम्याचा त्रास नाही याची खात्री करून आणि नाडी पाहून, एरवी रक्तदाबावर देतात ते प्रोप्रॅनोलॉल थोड्या प्रमाणात दिले. होळीच्या दिवशी आम्ही पुरणपोळी बसून खाल्ली. पुढे त्यांनी औषधच बदलून क्वेटिआपिन दिले. त्यात पाय मोकळे राहिले, पण इतर गोष्टी आल्या. तोंडाला कोरड पडते, त्यामुळे बोलताना पाण्याचा पेला जवळ लागतो. सकाळी आठपर्यंत डोके धुक्यात असते. भूक तर अशी की जेवून उठताना पुढच्या जेवणाची चौकशी करावी. एका वर्षात नऊ किलो वजन वाढले. साखर व चरबी नियमित तपासून घ्यावी लागते. यांपैकी कोणता त्रास सोसण्याजोगा आणि कोणता नाही, हे औषधाच्या पुस्तकात लिहिलेले नसते. ज्याला दिवस काढावयाचा आहे त्यानेच ते ठरवावयाचे असते; पण ठरविण्यासाठी आधी कोणी विचारावे लागते.

हे विचारणे आता केवळ सौजन्यावर सोपविलेले नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 हा 29 मे 2018 पासून अमलात आहे, आणि त्याच्या कलम 22 प्रमाणे नियोजित उपचार व त्यांचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. नोकरीच्या चिंतेने गप्प राहणाऱ्यांसाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 20 (4) वाचनीय आहे: सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेने कोणास काढू नये वा त्याचा दर्जा उतरवू नये. कलमे आपण सर्वच वाचतो. ती स्वतःसाठी वाचण्याची सवय मात्र आपल्याला नसते.

परप्रांतातली आपली वसाहत लहान असते. कोणाच्या घरी कोणता डॉक्टर येऊन गेला हे संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर घरोघर पोचते, आणि तेथून पुण्यास जावयास एक दूरध्वनी पुरतो. म्हणून आपल्यांत असे आजार फार झाकून ठेवतात, आणि आजारच झाकलेला असला की औषधाचा त्रास सांगावयाचा कोणाला? आम्ही हे लिहीत आहो ते त्यासाठी. आपल्या कचेरीत कोणी बैठकीतून सारखा उठत असेल, कोणाचा भाऊ किंवा मुलगी जेवणाचे ताट घेऊन घरात फिरत असेल, तर त्यांना 'जरा स्वस्थ बसा' असे सांगू नये. स्वस्थ बसण्याची त्यांच्याइतकी इच्छा दुसऱ्या कोणाला नसते. बसता किती वेळ येते, एवढेच विचारावे, आणि मिळालेले उत्तर खरे मानून कागदावर उतरवावे. त्यांनी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पण तो कागद घेऊन त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे.

आमच्यापुरते म्हणाल, तर रात्री नऊची गोळी चालू आहे आणि चालूच राहील. भिंतीपलीकडे शांतता आहे. नऊ किलोंपैकी चार उतरले. उरलेले पाच आम्ही पुढच्या वर्षात ओढले आहेत.