रडू घरचे, दिलासा बाहेरचा

इंग्रजी भाषेत एके काळी ‘फ्रोफर’ नावाचा शब्द होता. अर्थ सांत्वन, धीर, दुःखात मिळालेला आसरा. ‘बेवुल्फ’ या जुन्या काव्याच्या अगदी सुरुवातीला तो भेटतो. स्किल्ड राजा हा मूळचा निराधार सापडलेला पोर. पुढे त्याने जे वैभव पाहिले ते त्या पोरकेपणावरचे फ्रोफर होते, असे कवी सांगतो. रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने इ.स. ५२४ च्या सुमारास, देहदंडाची वाट पाहत कैदेत लिहिलेल्या लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर आल्फ्रेड राजाच्या नावावर आहे. त्यात त्या ग्रंथाला ‘फ्रोफरबोक’ म्हटले आहे, म्हणजे सांत्वनाची पोथी. दहाव्या शतकाच्या अखेरीस शुभवर्तमाने इंग्रजीत आली तेव्हा पवित्र आत्म्यासाठी ‘फ्रोफर गास्त’ असे शब्द वापरले गेले. काव्यात, राजाच्या पदरी आणि देवाच्या दारी अशी तिन्हीकडे या शब्दाला जागा होती. तेराव्या शतकात काही धार्मिक लिखाणांत ‘फ्रोवर’ असे रूप घेऊन तो धुगधुगी धरून होता. मग गेला. आज इंग्रजांच्या घरात जन्मलेल्यालाही तो कोशात शोधावा लागतो.

तो का गेला, याचे सोपे उत्तर ठरलेले आहे. १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई झाली, नॉर्मन आले, दरबार आणि मठ फ्रेंच बोलू लागले, आणि हजारो इंग्रजी शब्दांबरोबर हाही वाहून गेला. उत्तर खोटे नाही, पण पुरत नाही. कारण त्याच पुरात दुःखाचे शब्द वाचले. सॉरो, वो, वीप, मोर्न, टिअर, मोन हे सगळे जुन्या घरचे आहेत आणि आजही चालतात. उलट कम्फर्ट, सोलेस, कन्सोल, रिलीफ हे सगळे फ्रेंच-लॅटिन वाटेने आलेले पाहुणे. म्हणजे इंग्रज माणूस रडतो स्वतःच्या भाषेत आणि त्याचे डोळे पुसले जातात परक्या भाषेत. कोणी म्हणेल, ग्रीफ आणि क्राय हेही फ्रेंचच. खरे आहे. पण ते आले तरी जुने शब्द हलले नाहीत, शेजारी बसून राहिले; सांत्वनाच्या बाबतीत जुन्याला बसायला पाटही उरला नाही. आणखी चोखंदळ वाचक ‘सूद’ पुढे करील. तो अस्सल इंग्रजी आहे, आणि त्याचा अर्थ शांतवणे. पण त्याचा मूळ अर्थ ‘खरे आहे असे म्हणणे’. त्यावरून समोरच्याच्या होला हो करणे, आणि त्यावरून त्याला निववणे, असा प्रवास करत तो सतराव्या शतकाच्या आसपास या अर्थाला पोचला. तो फ्रोफरचा वारस नव्हे. शिवाय तो नाम नाही, क्रियापद आहे; हा फरक पुढे कामाला येईल.

फ्रोफरच्या जागी जो कम्फर्ट बसला तो आजच्यासारखा मऊ गादीचा नव्हता. बायोच्या प्रसिद्ध भरतकामपटात हेस्टिंग्जच्या रणधुमाळीत विजेत्या विल्यमचा सावत्र भाऊ, बिशप ओडो, घोड्यावर बसून हातातला सोटा उगारताना दिसतो. वरच्या लॅटिन ओळीत म्हटले आहे की तो पोरांना ‘कन्फोर्तात’, म्हणजे बळ देतो आहे. ते बळ आणि तो सोटा एकाच चित्रात! चौदाव्या शतकाच्या शेवटी विक्लिफच्या बायबलात यशयाच्या ग्रंथातला कारागीर मूर्ती हलू नये म्हणून तिला खिळ्यांनी ‘कम्फर्ट’ करतो. बळकट करणे हा त्या शब्दाचा जीव. आपला ‘धीर देणे’ त्याच्या जवळचा आहे. पण ज्याच्या हाती सोटा त्याच्याच हाती दिलासा, ही त्या भरतकामातली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माझे म्हणणे असे की सांत्वनाची नामे भाषा आपल्या पोटातून क्वचितच काढते. त्या त्या काळी ज्याच्याकडे देण्यासारखे काही असते, अभय, जमीन, मोक्ष किंवा न्याय, त्याच्याकडून ती उचलते. देणारा बदलला की नाम बदलते. फ्रोफर देणारे मठ आणि राजे फ्रेंच झाले, म्हणून फ्रोफर संपला.

मराठीत याचे पुरावे हाताशी आहेत. रडणे, दुखणे, हुंदका, उमाळा हे सगळे घरात वाढलेले शब्द. आणि त्यांच्यावरचा उतारा? ‘दिलासा’ फारसीतून आला, अर्थ दिलाला निववणे. तो मराठीत स्थिरावला त्यात कोणा कवीइतकाच कारकुनाचाही हात आहे. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या दप्तरांत कौल आणि दिलासा जोडीने येतात. स्वारीने किंवा दुष्काळाने गाव ओसाड पडले, रयत परागंदा झाली, की कमाविसदाराने तिला दिलासा द्यायचा, सारा कमी करून हळूहळू चढवत नेण्याचा कौल द्यायचा आणि लावणी करून घ्यायची. तो दिलासा म्हणजे पाठीवरून फिरलेला हात नव्हता, सरकारचा शब्द होता. आजचे वर्तमानपत्र उघडा, शब्दाने आपली नोकरी सोडलेली नाही: शेतकऱ्यांना दिलासा, कर्जदारांना दिलासा, उच्च न्यायालयाचा आरोपीला दिलासा. नवरा गेलेल्या बाईला मात्र कोणी ‘दिलासा मिळाला का’ असे विचारत नाही; विचारले तर कानाला खटकेल. ‘सांत्वन’ तरी कुठे घरचे? अमरकोशात साम आणि सांत्व एका अर्थाचे दिले आहेत, आणि साम म्हणजे राजनीतीच्या चार उपायांतला पहिला, प्रतिपक्षाला गोड बोलून वळवणे. त्या जातकुळीचा शब्द आज शोकसभेत बसतो.

‘दुखवटा’ तसा घरचा, दुःखावरूनच बनलेला. पण तो टिकला तो वस्तूला धरून. मराठेशाहीत सरदार वारला की त्याच्या मुलाला वरून दुखवट्याची वस्त्रे जात. त्यात शोक होता आणि राजकारणही होते; वस्त्रे आली म्हणजे मुलाचा वारसा मान्य झाला, सरंजाम चालू राहिला. वस्त्रे यायला उशीर झाला तर घरात शोकाहून मोठी काळजी शिरत असणार. गावाकडे दहाव्या-बाराव्याला पाहुणे टॉवेल-टोपी आणि लुगडे घेऊन येतात तो दुखवटा याच वळणाचा, सत्ता वजा केलेला. आणि सत्तेचा भाग वेगळा निघून सरकारी परिपत्रकात गेला आहे: अमुक दिवसांचा राजकीय दुखवटा, ध्वज अर्ध्यावर. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा शेजारची बाई फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि पातेलीभर पिठले आणून ओट्यावर ठेवते, कोणाला दोन घास खाल्ल्याशिवाय उठू देत नाही. त्या क्रियेला कुठे ‘कडू घास’ म्हणतात, कुठे काहीच म्हणत नाहीत. घरातल्या सांत्वनाला नाम लागत नाही. जवळ घेणे, बसून राहणे, समजूत काढणे, भेटून येणे एवढ्यावर त्याचे भागते.

या मुद्द्याचा सगळ्यात बोलका दाखला गोव्यात आहे, आणि योगायोग असा की त्यात एक इंग्रज आहे. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टीतली देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्या वाचण्यावर बंदी आली होती. स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग आहे: बाटलेल्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या मनाला गुंतवील असे दुसरे काही का देत नाही? मागणी सांत्वनाची आहे, आणि ती करावी लागते ज्याने काढून घेतले त्याच्याकडेच. उत्तरादाखल पाद्रीने सुमारे ११ हजार ओव्यांचा मराठी ग्रंथ दिला. तो १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. स्वतःच्या भाषेतला फ्रोफर ज्याच्या जन्मापूर्वीच विस्मृतीत गेला होता अशा इंग्रजाने मराठीत केलेली ही फ्रोफरबोक. यावर आक्षेप येईल की मी तिला सत्तेचा डाव ठरवतो आणि भक्ती विसरतो. तसे नाही. स्टीफन्सचे मराठीवरचे प्रेम त्याच्या ओवीओवीत दिसते, आणि पुढे मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांतही हे पुराण शतकानुशतके गायले गेले. घेणाऱ्यांनी दिलेले आपलेसे केले. पण देण्याचा अधिकार कोणाकडे होता हे त्याने बदलत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषाच टाकून देण्याचा हुकूम काढला, तेव्हा तेही कळून आले.

मराठी बायबलाने मात्र एक वेगळी निवड केली आहे, आणि ती मला फार आवडते. जिथे जुन्या इंग्रजीने ‘फ्रोफर’ आणि नंतरच्या इंग्रजीने ‘कम्फर्टर’ म्हटले, तिथे योहानाच्या शुभवर्तमानात मराठी भाषांतर म्हणते ‘कैवारी’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बाजूला बोलावलेला, न्यायालयात आपल्या वतीने उभा राहणारा. डोळे पुसणारा नव्हे, कैवार घेणारा. सांत्वनात बाजू घ्यावी लागते, हे त्या भाषांतरकारांनी ओळखले.

आता शेजारच्या भाषा काय म्हणतात ते पाहायला कॅसलरॉककडे येऊ. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातले हे घाटमाथ्यावरचे स्टेशन. १८८८ मध्ये मुरगाव बंदराकडून पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे घाट चढून इथे ब्रिटिशांच्या रेल्वेला भिडली, आणि १९६१ पर्यंत दोन राजवटींची सीमा याच डोंगरात होती. प्रवाशांचे सामान उघडून पाहिले जाई. शब्दांना तपासणी नव्हती. कन्नड, मराठी आणि कोंकणी इथे एकमेकींच्या अंगणात राहतात. तिन्ही भाषा रडणाऱ्या माणसाला काय म्हणतात? कन्नड म्हणते ‘समाधान माडको’. आपल्याकडे ‘समाधान’ हे संतोषाला आणि शंकेच्या उत्तराला. शेजारी तेच शोकावर लावले जाते. मराठी समजूत घालते. आणि घाटाखालची कोंकणी ‘भुजावण’ करते. तिथल्या ख्रिस्ती प्रार्थनांतही सांत्वन करणाऱ्यासाठी हाच शब्द आहे. मराठी कानाला त्यात आधी बुजगावणे ऐकू येते, तो कानाचा दोष. शब्द आपल्या ‘बुझावणे’चा सख्खा भाऊ आहे. मूळ संस्कृत ‘बुध्’, उमगणे. समजूतही त्याच धातूची, सम् जोडलेली. बुझावणे म्हणजे उमगेल असे करणे, निववणे. जुन्या मराठीत दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते.

इथे माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप उभा राहतो. समजूत, बुझावणी, भुजावण ही तर नामे आहेत, आणि अस्सल घरची. मग परक्याकडून उचलण्याचा नियम कुठे राहिला? मी नियम थोडा मवाळ करायला तयार आहे. ही नामे ‘सूद’सारख्या क्रियापदांच्या पोटातून निघाली आहेत, त्यांना काढणे, घालणे, करणे यांचे बोट धरावे लागते. शिवाय त्यांची जागा पाहा. समजूत काढतात ती रडणाऱ्या पोराची, रुसलेल्या जावयाची, भांडून माहेरी आलेल्या लेकीची. देणाऱ्याजवळ जहागीर नाही, कौल नाही, मोक्ष नाही. फार तर दोन गोष्टी अधिक कळतात, एवढाच अधिकार. म्हणूनच राज्ये बदलली तरी हे शब्द घरात टिकले. मोठ्या माणसाला समजूत घालणे थोडे अपमानाचे वाटते, हे मान्य. ज्याचे मूल गेले त्याला काय उमगवायचे, हेही खरे. अशा वेळी मुकाट बसून राहणे बरे. पण दुःख समजण्याची शक्यता धरून बोलणे आणि दुःखितावर कृपा करणे यांत मी पहिले निवडीन.

म्हणून मराठी लिहिणाऱ्यांना एक विनंती. ‘बुझावणे’ आपल्या छापील भाषेतून जवळजवळ उठले आहे, आणि त्याच्या जागी शोकसंदेशांत सांत्वनपर चार तयार वाक्ये फिरतात. फ्रोफर परत आणायचा तर इंग्रजांना कित्येक शतके मागे जावे लागेल. आपल्याला कॅसलरॉकहून घाट उतरून गोव्यातल्या कुळ्यापर्यंत जायचे आहे. तिथे ‘भुजावण’ हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे. तो घरी घेऊन या आणि वापरा. दिलासा न्यायालयाकडे राहू द्या.