एकटा जीव सदाशिव आणि थंडी

थंडी पडली की आमच्या खोलीतल्या तिघांनाही प्रकृतीची काळजी वाटू लागते. तिघेही बिनलग्नाचे आणि बिनप्रेमाचे. आजच्या भाषेत ‘सिंगल’. अशांसाठी मोबाइलवर उपदेशांचा नुसता रतीब असतो. स्वतःचे लाड करा, ‘गोल्डन मिल्क’ प्या, बर्फाच्या पाण्यात बसा!

गोल्डन मिल्क म्हणजे हळदीचे दूध. आई नाक दाबून पाजायची तेच. शहरातल्या कॅफेत त्याच्या एका कपात आमची दोन दिवसांची मेस निघेल. स्वतःचे लाड म्हणाल, तर गेल्या पौषात आईने एस. टी.तून डिंकाचे लाडू पाठवले होते. ‘रोज एकच खा,’ असा निरोप. डबा दुसऱ्या दिवशी रिकामा! एकट्याचे लाड करायला आधी खोली एकट्याची हवी.

बर्फस्नानाचे वेड जगभर पसरवले ते नेदरलँड्सच्या विम हॉफने. आमच्या गावी आठवड्यातले काही दिवस शेतीची वीज रात्रीच येते. त्यामुळे ऐन थंडीत गव्हाला पाणी द्यायला वडील मध्यरात्री अनवाणी चिखलात उभे असतात. त्यांना मी हे वेड समजावून सांगितले.

“मग पैसे किती देतात?”

“देत नाहीत अण्णा, घेतात.”

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो बराच वेळ थांबला नाही.

यंदा शिष्यवृत्ती आली की त्यांच्यासाठी गमबूट घ्यायचे आहेत. ‘आधी परीक्षेची फी भर,’ असे त्यांचे म्हणणे. पायाचा नंबर मात्र आईने मला गुपचूप कळवला आहे.