हेड स्टार्ट नेमका कुणाला?

एम.ए.ला असताना एक वर्गमित्र सहज म्हणाला, "आरक्षणामुळे तुम्हाला हेड स्टार्ट मिळतो." मी गप्प बसलो. त्याचे आजोबा वकील. माझी आजी रेशनवर अंगठा लावायची.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. घरून नेलेल्या गोणपाटावर ते वेगळे बसत. त्या वर्गात बाकीच्यांना जे मिळत होतं, त्याला हेड स्टार्ट कुणी म्हटलं नाही!

आणि मी? परवा वस्तीतल्या अभ्यासिकेचा अहवाल देणगीदारांसाठी लिहिताना मीच लिहून गेलो, 'मुलांना हेड स्टार्ट मिळतो.' दहा बाय दहाच्या घरातून येणारी पोरं, कुणाच्या पुढे गेली? खोडलं. लिहिलं : 'संध्याकाळी दोन तास शांत जागा मिळते.'