पोटातलं ओठावर

‘‘म्हणजे तू दिवसभर लोकांच्या... तिथून नळ्या घालतेस?’’

आत्याने हे विचारलं तेव्हा माझ्या पानात पुरणपोळी होती आणि समोर बघायला आलेला मुलगा. त्याने आधी तूप नको म्हटलं आणि आठवड्याने मलाही!

मी गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट. सोप्या मराठीत, पोटाची डॉक्टर. अन्ननलिका, जठर, आतडी, लिव्हर, स्वादुपिंड हा सगळा आमचा इलाखा. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, पुन्हा एन्ट्रन्स आणि तीन वर्षं डीएम. म्हणजे साडेअकरा वर्षं, तीही परीक्षांच्या तयारीतली वर्षं सोडून. मैत्रिणी दुसऱ्या कंपनीतून तिसरीत उड्या मारत होत्या, फ्लॅटचे हप्ते भरत होत्या, तेव्हा मी स्टायपेंडवर. रात्री तीनला रक्ताची उलटी झालेला पेशंट यायचा. दारूने लिव्हर आकसलेलं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटलेल्या. एन्डोस्कोप आत घालून त्या शिरेवर रबराचं इवलंसं कडं चढवायचं. रक्त थांबलं की कॅन्टीनचा चहा. त्या चहाची सर कुठल्याही कॉफी शॉपला नाही!

ग्लॅमर? आहे की. अल्सर तिखटाने आणि टेन्शनने होतो असं सगळे मानायचे, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलने १९८४मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतःच पिऊन दाखवले. जठराला सूज आली, आणि २००५मध्ये रॉबिन वॉरनबरोबर नोबेल मिळालं. आपल्या हैदराबादचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी तर पोटाचे डॉक्टर म्हणून २०२५मध्ये पद्मविभूषणपर्यंत पोचले.

पण ओपीडीत जंतूंपेक्षा लाजेशी जास्त गाठ पडते. ‘‘जरा गॅसेस होतात’’ इथून सुरुवात. खरं दुखणं येतं ते दाराच्या कडीला हात लावल्यावर. ‘‘मॅडम, आणखी एक... लालसर पडतं.’’ बायका तर आधी नवऱ्याला बाहेर पाठवतात. डॉक्टर बाई आहे, एवढ्यासाठी वाट वाकडी करून येतात.

गेल्या वर्षी एका रात्री साडेअकराला आत्याचा फोन. आवाज एकदम खाली. ‘‘झोपलीस का गं? कुणाला सांगणार नाहीस ना?’’

आठ महिने शौचातून रक्त. मूळव्याध समजून मलम लावत होती. रक्त दिसेल या भीतीने जेवणही निम्म्यावर आणलेलं. आठ महिने! त्यात गणपती झाले, दिवाळी झाली, आम्ही एका पंगतीत जेवलो. ती बारीक दिसली तेव्हा मी चक्क ‘‘डाएट का गं?’’ म्हणून चिडवलं होतं.

कोलोनोस्कोपी माझ्या सरांनी केली. आपल्या माणसावर आपण हात चालवायचा नाही, हा माझा नियम. मी नुसती स्क्रीनकडे बघत उभी. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात द्राक्षाएवढा पॉलिप. सरांनी तारेच्या फासाने तिथल्या तिथे तो कापून काढला. बायोप्सीच्या रिपोर्टपर्यंत मी माझ्याच पेशंटसारखी झाले होते, सतत मोबाइल बघणारी. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण त्याच वाटेवर निघालेला होता. पूर्ण निघाला.

राग तिचा आला नाही, माझाच आला. हॉस्पिटलमध्ये मी तिऱ्हाइतांना ‘लाजू नका, बोला’ म्हणते, आणि पुरणपोळीच्या त्या दिवसापासून घरी मात्र कामाचा विषयच बंद करून टाकला होता. मग ती बोलणार कुणाशी?

तेव्हा दोस्तहो, रक्त पडणं, काळी डांबरासारखी शी, विनाकारण उतरणारं वजन, गिळताना घास अडकणं, यातलं काही असेल तर ऑफिसच्या ड्रॉवरमधली अँटासिड चघळत बसू नका. डॉक्टरला दाखवा. आणि सांगायचं ते खुर्चीत बसल्याबसल्या सांगा, दाराशी गेल्यावर नाही.

आत्याची आता वर्षभराने पुन्हा तपासणी आहे. तारीख तिने स्वतःच कॅलेंडरवर लिहिलीय. परवा एका साखरपुड्यात भर पंगतीत शेजारच्या काकूंना विचारत होती, ‘‘तुम्हाला रक्तबिक्त नाही ना पडत? ही माझी भाची. पोटाची डॉक्टर आहे!’’

काकूंचा घास हातातच राहिला. मग त्या हळूच म्हणाल्या, ‘‘जेवण झालं की जरा बाजूला ये गं.’’